वय 35, अनुभव शून्य: मिरजेतली एक नवी नर्स

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. 1894 साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, पुढे सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि आज परिस्थिती अशी की अथणी, चिकोडी, रायबाग, जत, सांगोला, कुठूनही माणूस आजारी पडला की घरचे म्हणतात मिरजेला न्या. एवढी हॉस्पिटलं म्हटल्यावर नर्सेस लागणारच, आणि लागतातही. मग पास झालेल्या नर्सला बायोडेटा घेऊन उंबरठे का झिजवावे लागतात, ते बघायला आम्ही इथं आलोय.

ही जी ताई तुम्हाला पाठमोरी दिसतीये, तिने नाव सांगू नका म्हटलंय, कारण ती अजून याच गावात नोकरी करतीये. इचलकरंजीत एका सूतगिरणीच्या ऑफिसात ती हिशोब बघायची, टॅली, जीएसटी, कामगारांचे पगार, सगळं. गिरणी बंद पडली तेव्हा वय 32, पदरात एक मुलगी, आणि डोक्यात बारावीनंतर राहून गेलेलं नर्सिंग.

बारावी कॉमर्स झालेल्या बाईला नर्स होता येतं का? येतं. बीएस्सी नर्सिंगला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं पण जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, कुठल्याही शाखेची बारावी चालते, इंग्रजी विषय आणि 40 टक्के असले की अर्ज करता येतो. फक्त वयाची अट 35. म्हणजे ताईकडे अजून वेळ होता, आणि तिने तो वाया घालवला नाही. 3 वर्षं, वर्गातल्या बाकी मुली 18-19 च्या, त्या हिला काकू म्हणायच्या आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तिच्याच रूमवर येऊन बसायच्या.

रिझल्ट लागला, पास झाली. पण पास होणं वेगळं आणि नर्स होणं वेगळं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हातात येईपर्यंत तुम्ही कायद्याने नर्स नाही, आणि ती नोंदणी पुढे दर 5 वर्षांनी रिन्यू करावी लागते. बऱ्याच छोट्या हॉस्पिटलांत सांगतात, नोंदणी नसू दे, या तुम्ही, चालतंय. चालत नाही. उद्या पेशंटला काही झालं तर पहिला प्रश्न त्या मुलीच्या रजिस्ट्रेशनचा निघतो, आणि तेव्हा 'चालतंय' म्हणणारे कुणी पुढे येत नाहीत.

मग वयाचं गणित. एम्सची नॉरसेट, म्हणजे तिथल्या नर्सभरतीची परीक्षा, ओपनला वय 30 पर्यंत, शिवाय जीएनएमवाल्यांना 50 बेडच्या हॉस्पिटलचा 2 वर्षांचा अनुभव पाहिजे. तो दरवाजा ताईसाठी शिकायला सुरुवात करायच्या आधीच बंद झालेला. राज्य सरकारची अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्सची भरती, ओपनला 38, राखीव प्रवर्गाला 43. म्हणजे हातात 3 वर्षं, पण जाहिरात कधी निघेल ते कुणाच्या हातात? तोवर प्रायव्हेट.

पहिला इंटरव्ह्यू 30 बेडच्या एका हॉस्पिटलात. वय विचारलं, मुलीचं वय विचारलं, नाईट जमेल का विचारलं, कामाचं काहीच विचारलं नाही, आणि पगार सांगितला दहा हजारांच्या आतला. वर अट अशी की मार्कशीट आणि रजिस्ट्रेशनचे ओरिजिनल कागद 2 वर्षं हॉस्पिटलकडे राहणार. ताई उठली आणि बाहेर आली. तिच्या वर्गातल्या दोघी मात्र तिथंच लागल्या, कारण घरी पैशाची नड होती, त्यांना कुणी नावं ठेवू नयेत. पण हे बघणाऱ्या प्रत्येक नवीन सिस्टरला आणि ब्रदरला आम्ही हात जोडून सांगतोय, झेरॉक्स द्या, ओरिजिनल दाखवा आणि परत घ्या, ओरिजिनल कुणाकडेही ठेवू नका.

पगाराचा विषय सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेला आहे बरं का. ट्रेंड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाची याचिका होती, 2016 च्या जानेवारीत कोर्टाने केंद्राला समिती नेमायला सांगितलं आणि समितीने शिफारस केली की 50 पेक्षा कमी बेडच्या हॉस्पिटलनेही नर्सला महिन्याला किमान 20,000 द्यावेत, 200 च्या वर बेड असतील तर सरकारी नर्सइतकाच पगार द्यावा. इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना दहा हजारांच्या आतला आकडा तोंडावर सांगायची हिंमत होते, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. रात्रभर माणसं जिवंत ठेवायचं काम आहे हे.

दुसरीकडे मात्र वेगळंच झालं. शंभरच्या वर बेड असलेलं हॉस्पिटल, समोर मेट्रन मॅडम, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या प्रमुख, आणि थेट कामाचे प्रश्न. आधी कचऱ्याचे. रक्ताने भिजलेला कापूस कुठल्या पिशवीत? पिवळ्या. सलाईनचा वापरलेला सेट? लाल. सुई? पांढऱ्या डब्यात. ॲम्प्यूलची, म्हणजे इंजेक्शनच्या कुपीची काच? निळ्या डब्यात. मग विचारलं, सलाईनची 500 मिलीची बाटली 4 तासांत संपवायचीये, साधा सेट आहे, मिनिटाला किती थेंब सोडणार? साध्या सेटला 1 मिलीचे 20 थेंब, म्हणजे एकूण 10,000 थेंब, आणि 4 तासांची 240 मिनिटं. बाकीच्या मुली कागद मागत होत्या, ताई म्हणाली 42. इतकी वर्षं कामगारांचे पगार काढलेले, ते असं कामाला आलं.

तिथं पगार सतराच हजार ठरला, शिफारशीपेक्षा कमीच. तरी ताईने हो म्हटलं, आणि आमच्या मते बरोबर केलं, कारण ऑर्डर लेखी दिली, पहिले दोन महिने एका सीनियर सिस्टरबरोबर ड्युटी लावली आणि अनुभवाचं पत्र मिळेल हे आधीच सांगितलं. नवीन नर्सचा हात बसायला शेजारी कुणीतरी उभं असावं लागतं, ते नसेल तर दोन-तीन हजार जास्त मिळूनही उपयोग नाही.

वॉर्डात गंमत अशी होते की नातेवाईक केसातली पांढरी बट बघून ताईलाच मोठी सिस्टर समजतात आणि सगळं तिला विचारायला येतात, खरी इन्चार्ज 26 वर्षांची. ताई तिला मॅडम म्हणते, ती हिला ताई म्हणते. व्हेनफ्लॉन, म्हणजे सलाईनसाठी शिरेत घालायची नळी, लावायला शिकवलं त्या मॅडमनीच, गुलाबी 20 नंबर, निळा 22, म्हाताऱ्या माणसाची शीर सरकते तेव्हा खालची कातडी अंगठ्याने ताणून धरायची, घाई करायची नाही. आणि अथणीहून आलेली आजी रात्री कण्हायला लागली की मॅडम ताईला हाक मारतात, कारण कानडीत "एल्ली नोवू?", कुठं दुखतंय, असं विचारणारी त्या पाळीत ही एकटीच.

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषाप्रमाणे साध्या वॉर्डात 5 पेशंटमागे 1 नर्स पाहिजे. आम्ही शूटिंग केलं त्या रात्री 19 पेशंट होते आणि नर्स दोघी. एकीकडे ही अवस्था आणि दुसरीकडे शिकलेल्या मुली कामासाठी फिरतायत, या दोन्ही गोष्टी एकाच गावात आहेत.

ताईचा अभ्यास चालू आहे. अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी 35,400 पासून सुरू होते, म्हणजे आत्ताच्या दुप्पट नुसतं मूळ वेतन. पण भरती दरवर्षी वेळेवर निघायला हवी, सरकार थांबलं म्हणून वय थांबत नाही, आणि तिशीनंतर या कामाकडे वळलेल्यांना त्याचा फटका सगळ्यात जास्त बसतो. भरती नाही निघाली तर पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे जीएनएमनंतर करायची नर्सिंगची डिग्री, आणखी 2 वर्षं, मुलगी तेव्हा दहावीला असेल म्हणून त्यावर घरात अजून बोलणं चालू आहे. तोवर तिने आयसीयूत बदली मागितलीये, व्हेंटिलेटरवरचा पेशंट सांभाळता येणारी नर्स पुण्या-मुंबईतही हवी असते. अर्ज मेट्रन मॅडमच्या टेबलावर आहे.