शिडाची खोळ : बूमवरची घडी आणि बूमवरचाच निवारा

श्रोतेहो, आत्ता तुमच्या हातांतून फिरत असलेला तुकडा एका मुख्य शिडाच्या मागच्या कडेचा आहे. त्याच्या शिवणीवरून अंगठ्याचे नख जरा दाबून ओढा. दोरा पिठासारखा झडतो, आणि कापड मात्र अजून बऱ्यापैकी शाबूत लागते. पॉलिस्टरच्या विणीत धागे एकमेकांच्या आडोशाला असतात. शिवणीचा दोरा मात्र कापडावर उघडा राहतो, म्हणून उन्हातली अतिनील किरणे आधी त्यालाच खातात. हे शीड वाऱ्याने फाटलेले नाही. ते मुंबईच्या बंदरात ऑक्टोबर ते मे मुरिंगवर, म्हणजे पाण्यातल्या कायमच्या नांगरबोयाला बांधून, उभ्या असलेल्या होडीच्या बूमवर, म्हणजे शिडाची खालची कड धरणाऱ्या आडव्या दांड्यावर, घडी होऊन पडले होते आणि ऊन रोज त्याच घड्यांवर येत होते. सांगायला वाईट वाटते, पण त्या बूमवर चांगली खोळ बसवलेली होती. ‘उद्या पुन्हा निघायचेच आहे’ म्हणून तिची चेन मात्र बहुतेक दिवस उघडी राहिली.

पूर्वीची खोळ वेगळी असे. शीड उतरवायचे, बूमवर चढून त्याच्या घड्या घालायच्या, पट्ट्यांनी बांधायचे आणि मग खालून खोळ काढून ती डोलकाठीपासून मागेपर्यंत चढवायची. पस्तीस-छत्तीस फुटी होडीचे मुख्य शीड साधारण ३० ते ३५ चौरस मीटरचे असते. दमून परतलेल्या दोन माणसांना संध्याकाळच्या वाऱ्यात एवढे कापड आवरणे जड जाते, आणि मग खोळ खालीच राहते. बूमला कायमची जोडलेली खोळ, जिला आपण लेझी बॅग म्हणतो, ती याच अडचणीतून आली. ‘स्टॅक पॅक’ हे डॉइल या शीडनिर्मात्यांचे नाव असले, तरी बंदरावर सगळ्याच खोळींना ते सर्रास लावले जाते.

तिची रचना समजून घेण्याजोगी आहे. बूमच्या दोन्ही अंगांना कापडाची एकेक लांब भिंत असते आणि प्रत्येक भिंतीच्या वरच्या कडेत फायबरग्लासची काठी ओवलेली असते. डोलकाठीवरून दोन्ही बाजूंनी उतरणारे दोर, म्हणजे लेझी जॅक, या कडांना धरून ठेवतात, त्यामुळे भिंती उभ्या राहतात आणि सुटलेले शीड त्या दोरांच्या मधून खाली खोळीत येते. लेझी जॅक ही काही नवी गोष्ट नाही. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरात कालवे (ऑयस्टर) काढणाऱ्या स्किपजॅक नावाच्या शिडाच्या होड्यांवरही ते असत, कारण तिथेही मोठे शीड थोड्या हातांनी आवरायचे असे. शिडात पूर्ण रुंदीच्या बॅटन, म्हणजे खिशांत घातलेल्या आडव्या पट्ट्या, असतील तर घड्या जवळजवळ आपोआप पडतात. आखूड बॅटनच्या शिडाला हाताने वळण लावावे लागते.

उतरवताना होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, वाऱ्याकडे ठेवा, बूमचा भार टॉपिंग लिफ्टवर, म्हणजे बूमचे मागचे टोक वरून तोलणाऱ्या दोरावर, घ्या आणि मगच हॅलयार्ड, म्हणजे शीड वर ओढणारा दोर, सोडा. चढवताना खरी कटकट होते, कारण बॅटनची टोके लेझी जॅकमध्ये अडकतात. अशा वेळी विंच (दोर ओढण्याचा रहाट) जोराने फिरवू नये, बॅटनचा खिसा फाटतो. लेझी जॅक ढिले करून पुढे डोलकाठीपाशी अडकवून ठेवले, तर ही अडचण उरत नाही.

खोळ शिवून घेताना मोजमापात सर्वांत जास्त चुका होतात. शीड खाली आले की त्याचे स्लाइड (डोलकाठीवर सरकणारे तुकडे) किंवा बॅटनच्या गाड्या डोलकाठीपाशी एकावर एक बसतात, त्यामुळे पुढच्या बाजूला थर बराच उंच होतो आणि मागे तो उतरत जातो. नुसती बूमची लांबी पाहून सरळ पट्टा कापला, तर पहिल्या दीड-दोन फुटांत चेन मिटतच नाही आणि शिडाचे डोके, म्हणजे सर्वांत जास्त ताण सोसणारा भाग, कायम उन्हात राहतो. म्हणून मी शीड प्रत्यक्ष उतरवून, हॅलयार्ड काढून, त्या थरावर माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. डोलकाठीला पुढून वेढणारा तुकडाही त्याच मापाने कापावा लागतो.

कापड ॲक्रिलिकचे, धाग्यातच रंग मुरवलेले घ्यावे. त्यातून हवा जाते. प्लॅस्टिकचा थर दिलेले कापड पाणी पूर्ण अडवते खरे, पण ओल आत कोंडते आणि शिडाला बुरशी लागते. तळाशी पाणी निघायला वाट हवी. चेनचे दात प्लॅस्टिकचे असावेत आणि रनरला पुढून मागे पोहोचणारी लांब दोरी असावी, म्हणजे डेकवर उभे राहूनच ती मिटता येते. मिठाने अडकलेला रनर ओढू नका. गोडे पाणी ओता, थोडे थांबा. शिवणीला पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) दोरा महाग पडतो, पण ऊन त्याला बाधत नाही, आणि खोळीच्या बाबतीत तरी मी दुसरा दोरा सुचवणार नाही.

मिटलेली खोळ ऊन, काजळी आणि घारी-कावळ्यांची विष्ठा यांपासून राखते. वादळापासून नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले, तेव्हा कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी ११४ किलोमीटरपर्यंत पोहोचला होता; अशा वाऱ्यात बूमवरचा तो गठ्ठाच वारा धरतो आणि एकदा चेन उसवली की शीड बाहेर येऊन फडफडत फाटते. इशारा मिळताच शीड आणि खोळ दोन्ही काढून खाली न्यावीत. पावसाळ्यातही तसेच करावे. मेअखेरीस शीड गोड्या पाण्याने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, बॅटनवर क्रमांक घालून त्या वेगळ्या ठेवा आणि खोळ शिवणाऱ्याकडे पाठवा. बूम मोकळा असलेल्या त्या चार महिन्यांत तिच्या शिवणी आणि चेन निवांतपणे नव्याने घालता येतात.