साथीदार बदलल्यावर

(फोंड्यातील एका श्रवणबैठकीत केलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. गेल्या खेपेला मी याच जागी बसून नाट्यपदांतल्या ऑर्गनच्या साथीवर बोललो होतो. आज तोच माणूस लंडनच्या एका रॅप करणाऱ्या मुलीवर बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेतल्या काही भुवया वर गेलेल्या मला इथून दिसतायत. भुवया राहू द्यात वर. कान तेवढे इकडे द्या.

मी ऑर्गनवाला. जत्रांची, उत्सवांची संगीत नाटकं वाजवण्यात आयुष्य गेलं. डिचोलीला वाजवलं, काणकोणला वाजवलं, पहाटे चारला तिसरा अंक संपवून मिळेल त्या टेम्पोतून घरी आलो. प्रेक्षकांना माझी पाठ दिसते आणि नटाला माझा चेहरा. त्यामुळे कुठलंही गाणं कानावर पडलं, की गाणारा कोण यापेक्षा त्याच्यामागे कोण बसलाय इकडे माझं लक्ष आधी जातं. खोड म्हणा. आजचं सगळं बोलणं या खोडीतून आलेलं आहे.

बाईचं नाव लिटल सिम्झ. खरं नाव सिम्बियातू अजिकावो. जन्म १९९४चा, लंडनच्या इझलिंग्टन भागातला. आईवडील नायजेरियाचे, योरुबा. २०२५च्या जूनमध्ये तिचा ‘लोटस’ हा सहावा अल्बम आला. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी अस्वस्थ झालो. वाईट वाटला म्हणून नाही. मागे बसणारा माणूस बदललाय हे दोन मिनिटांत कळलं म्हणून.

रॅपमध्ये प्रोड्युसर म्हणतात तो सिनेमात पैसे घालणारा निर्माता नव्हे. तो साथीदार असतो, चाल बांधणारा असतो आणि अर्धा रेकॉर्डिस्टही असतो. रॅप करणारा शब्द आणतो. ते शब्द कुठल्या जमिनीवर उभे राहतील, किती रिकामी जागा सोडायची, ड्रम कधी आणायचा आणि कधी पळवून न्यायचा, हे हा माणूस ठरवतो. सिम्झच्या ‘ग्रे एरिया’ (२०१९), ‘समटाइम्स आय माइट बी इन्ट्रोव्हर्ट’ (२०२१) आणि ‘नो थँक यू’ (२०२२) या तीन अल्बमांमागे एकच माणूस होता: इन्फ्लो. दोघांची ओळख लहानपणापासूनची. त्याआधी तिचे दोन अल्बम आले होते. २०१५चा पहिला तिनं स्वतःच्याच लेबलवर काढला. २०१६चा दुसरा ॲलिसच्या अद्भुतनगरीची कल्पना घेऊन केलेला. दोन्हींत बुद्धी खच्चून भरलेली आहे, पण पाय टेकायला जमीन नाही. विद्यार्थी पहिल्याच बैठकीत सगळ्या ताना म्हणून टाकतो ना, तसं. त्यावर जास्त वेळ घालवत नाही.

‘ग्रे एरिया’वर मात्र थांबायला हवं. दहा गाणी, पस्तीसेक मिनिटं, संपलं. पहिलंच गाणं ‘ऑफेन्स’. जरा लाव रे. पुरे. ऐकलंत? बास गिटार दात-ओठ खात येतं, वर बासरी, आणि मध्ये ही मुलगी एकही शब्द उधार न घेता बोलत सुटते. ‘व्हेनम’मध्ये तर तंतुवाद्यं ताणून धरली आहेत आणि ड्रमला बाहेर उभं केलंय. आत कधी घेणार या विचारानं आपलाच जीव टांगणीला लागतो. हे साथीदाराचं काम. गाणाऱ्याला घाई झालेली असते, त्या घाईत ठेका सावकाश सोडायचा. मला हे करायला वीस वर्षं लागली आणि अजूनही दहातून तीनदा फसतं.

मग २०२१. त्या लांबलचक नावाची आद्याक्षरं जुळवली की ‘सिम्बी’ होतं, म्हणजे तिचं घरचं नाव. एकोणीस तुकडे, पासष्टेक मिनिटं. सुरुवातीच्या ‘इन्ट्रोव्हर्ट’मध्ये बिगुलांसारखी पितळी वाद्यं, पलटणीचे ताशे, समूहगान. बाई तोंड उघडण्याआधी अख्खी मिरवणूक निघून जाते. नांदी आहे हो ती! आणि अधूनमधून एक बाई येऊन तिला प्रश्न विचारते, समजूत घालते, पुढच्या प्रवेशाकडे ढकलते. तो आवाज एमा कॉरिन या ब्रिटिश कलाकाराचा. आपल्याकडे याला सूत्रधार म्हणतात. नांदी झाली, सूत्रधार आला, आता नाटक असायलाच हवं. आणि आहे. ‘आय लव्ह यू, आय हेट यू’ बापाला उद्देशून आहे. गाण्याचं नाव पालुपदासारखं मागून येत राहतं आणि त्या दोन टोकांमध्ये ही मुलगी उभी राहून हिशेब मांडते. याच अल्बममध्ये ‘पॉइंट अँड किल’ आहे. नायजेरियात खाणावळीच्या दारात पाण्यात जिवंत मासे ठेवलेले असतात. आपण बोट दाखवायचं, तोच मासा कापून शिजवून देतात. म्हणून ‘पॉइंट अँड किल’. म्हापशाच्या बाजारात जिवंत कुर्ल्यांच्या टोपलीवर वाकून “ती गे, ती मोठी” म्हणणाऱ्याला हे गाणं समजावून सांगायची गरज नाही.

या अल्बमला २०२२चा मर्क्युरी पुरस्कार मिळाला, तिकडचा फार मानाचा. पुरस्कार घेताना तिनं इन्फ्लोचे आभार भाऊ म्हणून मानले. हे लक्षात ठेवा, शेवटी लागेल. त्याच वर्षी ब्रिट पुरस्कारवाल्यांनी तिला सर्वोत्कृष्ट नवोदित ठरवलं. चौथ्या अल्बमनंतर नवोदित! आमच्याकडे साठी उलटलेल्या नटाला ‘होतकरू’ म्हणणारे परीक्षक आहेत, तेव्हा आपण हसायचं कारण नाही.

त्या डिसेंबरात ‘नो थँक यू’ आला, जेमतेम आठवडाभर आधी सांगून. तो संगीताच्या धंद्यावर, मॅनेजरांवर, करारांवर चिडलेला आहे, पण आरडाओरडा न करता. मागे समूहस्वर चर्चमधल्यासारखे उठतात आणि पुढे ती लांब कडवी एका दमात वाचून दाखवते. मला स्वतःला हा अल्बम थोडा एकसुरी वाटतो. साथ इतकी भरीव झाली आहे की बाई तिच्यावर रेलून बसल्यात. साथीवर रेलायची सवय लागली की गाणारा सुखावतो आणि सुस्तावतो. साथ करणाऱ्याला हे लवकर कळतं, पण तो सांगत नाही, कारण त्यात त्याचाही मान असतो.

२०२५च्या सुरुवातीला बातमी आली की सिम्झनं इन्फ्लोवर लंडनच्या न्यायालयात दावा लावला आहे. परत न केलेल्या कर्जाचा, सुमारे सतरा लाख पाऊंडांचा. हा तिचा आरोप आहे, न्यायनिवाडा नव्हे, आणि त्यात कोण खरं यावर मी एक अक्षर बोलणार नाही. मला फक्त एवढं दिसतं की तीन अल्बम ज्याच्या ठेक्यावर चालली, तो माणूस उठून गेला. तिनं नवा अल्बम पुन्हा पुन्हा सुरू करून टाकून दिला. शेवटी माइल्स क्लिंटन जेम्स या दुसऱ्याच माणसाबरोबर तो पुरा झाला.

आता माझी मोजदाद सांगतो. संगीतावर बोलताना आकडे काढणारा माणूस मलाही आवडत नाही, पण हे आकडे मला आपोआप दिसले. गाण्याच्या नावापुढे पाहुण्या कलाकाराचं नाव किती ठिकाणी आहे? ‘ग्रे एरिया’त दहापैकी चार. ‘सिम्बी’त एकोणीसपैकी फक्त दोन. ‘नो थँक यू’त एकही नाही. आणि ‘लोटस’मध्ये तेरापैकी आठ. साथीदारावरचा विश्वास वाढत गेला तसे पाहुणे कमी होत गेले, आणि तो गेल्याबरोबर घर पाहुण्यांनी भरलं. सुतक असलेल्या घरी माणसं येऊन बसतात ना, तसं मला ते वाटलं. त्यातले काही जुनेच आहेत. २०१९मध्ये ‘फ्लॉवर्स’ या शेवटच्या गाण्यात मायकल किवानुका गायला होता. सत्ताविसाव्या वर्षी गेलेल्या कलाकारांची आठवण काढणारं ते गाणं. आता ‘लोटस’ या शीर्षकगीतात तोच पुन्हा आहे, जोडीला युसेफ डेज हा ड्रमवाला. ओबोंगजायर ‘पॉइंट अँड किल’मध्ये होता, इथे दोनदा आहे. ‘लिटल ड्रॅगन’ बँडची युकिमी २०१९मध्ये होती, आताही आहे. रिकामा पाट इन्फ्लोचा.

कमळ आणि चिखल यावर मी बोलणार नाही. मंगेशीला देवळाबाहेर कमळं विकायला असतात, आणि आपल्याकडे त्या उपमेचा इतका वापर झालाय की आता पाकळ्याही उरलेल्या नाहीत. सिम्झनं ती घेतली, तिला माफ. तिच्याकडे ती ताजी असेल.

तर, पाहुणे बाजूला काढले की पाच गाणी उरतात, ज्यांत ती एकटी आहे: ‘थीफ’, ‘यंग’, ‘फ्री’, ‘हॉलो’ आणि ‘लोन्ली’. माझ्या मते खरा अल्बम या पाचांत आहे. साथीदार बदलल्यावर काय बदललं ते इथे उघडं पडतं.

‘थीफ’ पहिलंच. कोणाचं नाव घेतलेलं नाही. गिटार नखांनी पत्रा खरवडल्यासारखं. ‘सिम्बी’त मिरवणूक होती, इथे दार उघडताक्षणी भांडण. आवाज माइकच्या इतका जवळ की श्वास ऐकू येतो. आणि हा श्वास महत्त्वाचा आहे. गाणारा श्वास घेतो तेव्हा ती फट बुजवणं हे माझ्यासारख्याचं काम. जुन्या अल्बमांत तिचे श्वास जवळपास ऐकू यायचे नाहीत, मागून कोणीतरी ते झाकून घ्यायचं. आता कोणी झाकत नाही. ‘हॉलो’मध्ये तर तंतुवाद्यं आणि तिचा आवाज, बस. ती रॅप करते की पत्र वाचते हे सांगता येणार नाही. ‘लोन्ली’ हे गाणं हाच अल्बम करतानाच्या एकटेपणावर आहे. जमत नाही, पुन्हा बसले, पुन्हा जमलं नाही, असं ती चक्क सांगते. ‘ऑफेन्स’ म्हणणाऱ्या मुलीनं हे जाहीर सांगणं मला धाडसाचं वाटतं.

‘यंग’ मात्र पहिल्यांदा ऐकल्यावर चुकून दुसरंच काही लागलं असं वाटलं. एका टवाळ पोरीचं सोंग घेऊन, लंडनच्या गल्लीतला हेल काढून ती मजा करते. ती नटीही आहे, ‘टॉप बॉय’ या मालिकेत शेलीचं काम तिनं केलंय, त्यामुळे सोंग वठतं. माझ्या पुतण्याला हे गाणं उथळ वाटतं. मलाही पहिल्या चार वेळा वाटलं. मग कळलं की इतक्या वर्षांत ही बाई रेकॉर्डवर अशी मोकळी हसलीच नव्हती. त्या भव्य साथीत हसणं शोभलं नसतं. तरी सरळ सांगतो: अल्बम म्हणून ‘लोटस’ ‘सिम्बी’च्या उंचीचा नाही. तो विस्कटलेला आहे. ‘फ्लड’मध्ये तीन आवाज एकमेकांच्या पायात पाय घालतात, आणि मधली दोनतीन गाणी नसती तरी चाललं असतं.

पण ‘पहिल्यासारखी राहिली नाही’ ही तक्रार मला मान्य नाही. आपण गोंयकारांनी तर ती करूच नये. कुर्डीच्या मोगूबाईंची मुलगी जयपूर घराण्याची शिस्त सोडून भावनेच्या मागे लागली, म्हणून किशोरीताईंवर नाक मुरडणारे जाणकार कमी नव्हते. आज ती नाकं कुठे आहेत?

शेवटचं. ‘सिम्बी’चं अखेरचं गाणं आहे ‘मिस अंडरस्टूड’. बहिणीशी आलेल्या दुराव्यावरचं. सुंदर आहे, पण त्यात बोलते ती एकटीच. समोरच्या बाजूला काही म्हणायचं असेल, ही शक्यताच गाण्यात नाही. चार वर्षांनी ‘लोटस’मध्ये ‘ब्लड’ येतं. पुन्हा भावंडांचं भांडण, फोनवरचं. पण या वेळी समोरचा बोलतो. रेच ३२ हा थोर रॅपर भाऊ झालाय आणि तो तिला उलट उत्तर देतो. ती चिडते, तो चिडतो, आईचा विषय निघतो, कोण किती वेळा घरी गेलं त्याचा हिशेब निघतो. आपल्या चवथीला गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधता बांधता निघतो तसाच. ती चुकलेली असू शकते, हे तिनं स्वतःच्याच रेकॉर्डवर दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेतलंय. मघाशी पुरस्काराच्या वेळच्या ‘भाऊ’ या शब्दाबद्दल सांगितलं, ते आठवून ऐका. दोन्हींचा संबंध आहे असा माझा दावा नाही. मी ऐकताना तो जोडतो, एवढंच.

पूर्ण गाणं लावतो. तो पंखा बंद कर रे बाबा, त्याची घरघर येते. हां. आता लाव.