फसलेल्या लशी कुणी सांभाळायच्या?

मंडळी, 23 एप्रिल 1984 रोजी अमेरिकेच्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांनी सांगितलं, की एड्सचा विषाणू सापडलाय आणि साधारण दोन वर्षांत लस चाचणीला तयार होईल. ती लस आजही आलेली नाही. पण त्यांना हसू नका. गोवर, पोलिओ यांत बरं झालेलं शरीर आपल्याला वाट दाखवतं. लस त्याची नक्कल करते. एचआयव्हीत शरीर आपणहून बरं होतच नाही म्हटलं तरी चालेल. मग नक्कल कशाची करायची?

अशा कामात खासगी कंपनी किती दिवस टिकणार? खर्च आज, यशाची खात्री नाही, आणि ज्यांना गरज सगळ्यांत जास्त त्यांच्या खिशात पैसे कमी. त्यात कंपन्यांचा दोष काढण्यात अर्थ नाही. ही पोकळी भरायला 1996 मध्ये ‘आयएव्हीआय’ ही एड्सच्या लशीसाठी काम करणारी ना-नफा संस्था निघाली. पैसा सरकारांचा आणि देणगीदारांचा.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. ‘एड्सव्हॅक्स’ नावाची एचआयव्हीवरची लस 2003 मध्ये चाचणीत सपशेल पडली. पुढे तिचे हक्क एका ना-नफा संस्थेकडे गेले. दुसऱ्या एका लशीच्या जोडीनं थायलंडमध्ये तिची पुन्हा चाचणी चालली, तेव्हा 22 शास्त्रज्ञांनी जाहीर विरोध केला होता. 16 हजारांवर स्वयंसेवक. 2009 मध्ये निकाल आला: 31 टक्के संरक्षण. वापरात आणण्याइतकं नाही, पण शून्यही नाही. त्यानंतरच्या मोठ्या चाचण्या 2020, 2021 आणि 2023 मध्ये एकेक करून थांबवाव्या लागल्या.

त्याच 2009 मध्ये आणखी एक गोष्ट घडली, ती मला जास्त मोलाची वाटते. आयएव्हीआयनं वेगवेगळ्या देशांतल्या 1,800 हून अधिक एचआयव्हीबाधितांचं रक्त जमवलं होतं. त्यांना स्वतःला त्यातून काही मिळणार नव्हतं, हे लक्षात घ्या. आफ्रिकेतल्या एका दात्याच्या रक्तात पीजी-9 आणि पीजी-16 ही प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला चिकटून त्याला रोखणारी शरीरातली प्रथिनं, सापडली. विषाणूच्या कितीतरी वेगवेगळ्या रूपांना ती निष्प्रभ करतात. म्हणजे नक्कल करायला नमुना मिळाला!

मग प्रश्न उलटा झाला: अशी प्रतिपिंडं निरोगी माणसात घडवायची कशी? प्रतिपिंडं बनवतात त्या रक्तातल्या बी-पेशी. पण ज्या बी-पेशींपासून त्यांतला एक प्रकार घडू शकतो, त्या सुमारे तीन लाख बी-पेशींत एक असतात. ‘जी-001’ चाचणीत 36 जणांना लस दिली. 35 जणांत नेमक्या त्याच पेशी जाग्या झाल्या. पण जाग्या झाल्या, एवढंच. त्यांना टप्प्याटप्प्यानं वेगवेगळे डोस देऊन शिकवावं लागेल. पुढच्या चाचण्या एमआरएनए (पेशींना प्रथिन बनवायची सूचना देणारा रेणू) वापरून अमेरिकेत, रवांडात आणि दक्षिण आफ्रिकेत झाल्या. पेशी तिथंही जाग्या झाल्या. मात्र काही स्वयंसेवकांच्या अंगावर पित्त उठलं. आता ते का उठतं, याचाही माग काढावा लागतोय.