टायरची तुलना, पण आधी हवा मोजा

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'रोजची गाडी आणि स्पोर्टी टायर: कोणता घ्यावा?' त्याचं उत्तर आज मिळेल. पण त्याआधी एक तक्रार मांडायची आहे, कारण ती मांडल्याशिवाय त्या उत्तराला अर्थ राहत नाही. आपल्याकडे टायरची तुलना ज्या पद्धतीने होते, तिच्यात टायरची तुलनाच होत नाही.

काय होतं बघा. गाडी व्हर्टस किंवा स्लाव्हिया धरू, टायर २०५/५५ आर १६, म्हणजे २०५ मिलिमीटर रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, रिम १६ इंची. गाडीबरोबर आलेले टायर ४५ हजार किलोमीटर चाललेत, खाचा दोन मिलिमीटरवर आल्यात. पावसाळा तोंडावर आला म्हणून मालक दुकानात जातो आणि चारही टायर स्पोर्टी घेतो. दुकानात त्याच फेरीत बॅलन्सिंग होतं, अलाइनमेंट होतं, हवा ३३ पीएसआय (दाबाचं एकक) करून मिळते. संध्याकाळी मित्रांना फोन जातो, 'अरे, गाडी रस्त्याला चिकटते! आधीचे टायर भंगारच होते.'

आता मोजा, एका दुपारी किती गोष्टी बदलल्या. खाचांची खोली दोनवरून पावणेआठवर गेली. रबराचं वय पाच वर्षांवरून पाच महिन्यांवर आलं. टो, म्हणजे वरून पाहिल्यास चाकांचा आत-बाहेर तिरपेपणा, सरळ झाला. हवा बरोबर भरली. आणि पाचवी गोष्ट, टायरचं मॉडेल बदललं. श्रेय मात्र सगळं पाचवीला. तोच मालक जुनंच मॉडेल नवं कोरं बसवून बाहेर पडला असता, तरी तोच फोन गेला असता.

एकेक गोष्ट सुटी करून बघू.

खाचांचं काम पाणी बाजूला काढण्याचं. कायद्याने कारच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. खाचेच्या तळाशी छोटे आडवे उंचवटे असतात, तेवढ्याच उंचीचे. टायरच्या खांद्यावर त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय (झिजेची खूण) ही अक्षरं दिसली की त्याच रेषेत आत बोट घाला, उंचवटा लागेल. ट्रेड, म्हणजे रस्त्याला टेकणारा खाचांचा भाग, त्याच्या बरोबरीला आला की टायर संपला. पण पावसासाठी तो त्याच्या बराच आधी संपलेला असतो. माझा आग्रह असा, की जूनमध्ये ३ मिलिमीटरच्या खालचा टायर घेऊन ताम्हिणीत जाऊ नका.

का, ते आकड्यात सांगतो. ८० च्या वेगाने दोन गाड्या ओल्या रस्त्यावर शेजारी-शेजारी चालल्यात. एकीच्या टायरला ०.८ एवढी पकड (घर्षणाचा गुणांक) मिळते, दुसरीच्या टायरला ०.६. दोघींनी एकाच क्षणी ब्रेक दाबला. पहिली ३१ मीटरच्या थोडं पुढे जाऊन थांबेल. दुसरी त्याच जागी पोचेल तेव्हा तिचा वेग अजून ताशी ४० असेल. थांबायला तिला आणखी दहा मीटर लागतात, म्हणजे दोन गाड्यांची लांबी आणि वर थोडं. पकडीचा फरक कागदावर ०.२ दिसतो. रस्त्यावर तो असा दिसतो.

कोरड्या रस्त्यावर मात्र चित्र उलटं होतं, आणि इथेच तुलना करणारे सगळ्यात जास्त फसतात. आठ मिलिमीटर उंचीचा रबराचा ठोकळा वळणावर वाकतो, दोन मिलिमीटरचा वाकत नाही. म्हणून झिजलेला टायर कोरड्यात स्टिअरिंगला जास्त नेमका वाटतो. शर्यतीत काही जण नवे टायर मुद्दाम तासून घेतात ते याचसाठी. तेव्हा 'नवे टायर बसवल्यापासून स्टिअरिंग जरा ढिलं वाटतंय' असं कोणी म्हणालं, तर टायर वाईट आहे असं लगेच समजू नका. शिवाय साच्यातून टायर सुटा व्हावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश नव्या ट्रेडवर असतो. पहिले ३०० किलोमीटर सांभाळून चालवायचे आणि तोवर मत बनवायचं नाही.

दुसरी गोष्ट रबराचं वय. उन्हाने, उष्णतेने, ओझोनने रबर कडक होत जातं. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. हा पूर्ण आकडा बहुतेक वेळा एकाच बाजूला असतो आणि बसवताना ती बाजू आत गेली तर दिसत नाही, म्हणून टायर रिमवर चढायच्या आधी बघून घ्या. आयात केलेल्या स्पोर्टी टायरच्या बाबतीत हे विशेष. १२ जून २०२० पासून कारच्या नव्या टायरची आयात खुली राहिलेली नाही, परवाना लागतो. त्यामुळे एखादा न खपणारा मापाचा टायर गोदामात दोन-अडीच वर्षं पडून राहिलेला असू शकतो. त्याची किंमत नव्याची सांगितली जाते, तेव्हा बोलायला हवं.

तिसरी अलाइनमेंट. यंत्र लागेल, पण यंत्राआधी तळहात पुरतो. गाडी उभी असताना ट्रेडवरून तळहात आडवा फिरवा, आतून बाहेर आणि मग बाहेरून आत. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं टोचत असेल, तर टो बिघडलाय. टायर थोडा तिरका ओढला जातोय आणि प्रत्येक ठोकळ्याची एक कड झिजतेय. असा टायर ताशी ४० च्या पुढे घूं-घूं आवाज करतो. लोक बेअरिंग बदलतात, आवाज तसाच राहतो.

आणि आता चौथी, हवा. इथे मला थोडा वेळ लागणार आहे.

पुढच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतं. त्यावर दोन तक्ते असतात, एक दोन-तीन माणसांसाठी, एक पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. हे आकडे थंड टायरचे. थंड म्हणजे गाडी तीन तास उभी, किंवा जेमतेम दोन किलोमीटर चाललेली. टायरमधलं तापमान सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण एक पीएसआयने वाढतो. तुम्ही एक्स्प्रेसवेवरून खोपोलीपर्यंत आलात की टायर २५-३० अंशांनी तापलेला असतो. ३३ भरलेले ३७-३८ दिसतात. तिथे कोणीतरी काळजीने सांगतो 'साहेब, हवा जास्त आहे' आणि पाच पीएसआय सोडून देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये तो टायर २८ वर असतो. तापलेल्या टायरची हवा सोडायची नाही, हे एवढं तरी घरी घेऊन जा.

हवा कमी झाली की दोन्ही खांदे झिजतात, साइडवॉल जास्त वाकते आणि तापते, स्टिअरिंग उशिरा ऐकतं. पाण्यावर तरंगण्याचा वेगही हवेवर ठरतो. १९६० च्या दशकात नासाच्या संशोधकांनी विमानांच्या चाकांवरून सूत्र काढलं. पीएसआयचं वर्गमूळ घ्या, १०.३५ ने गुणा, ताशी मैलांत उत्तर येतं. गोटा झालेल्या टायरखाली पाण्याचा भरपूर थर असेल, तर ३३ पीएसआयला हा वेग येतो ताशी ९६ किलोमीटर. २५ पीएसआयला येतो ८३. एक्स्प्रेसवेवर कारची मर्यादा १०० ची आहे. खोल खाचा हा वेग वर नेतात, पण हवा कमी ठेवून तुम्ही तो खाली ओढता. आणि मग म्हणता, अमुक कंपनीचा टायर पावसात घसरतो.

नायट्रोजनबद्दल विचारणार, माहीत आहे. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. तापल्यावर दोन्ही जवळपास सारख्याच फुगतात. फायदा आहे तो बाटलीतली हवा कोरडी असते याचा, बाष्प नसल्यामुळे दाब थोडा शहाण्यासारखा वागतो. फुकट मिळाला तर घ्या. पण 'नायट्रोजन आहे, महिनोन्‌महिने बघायला नको' हे ऐकून गेज कपाटात टाकू नका. पंपावरच्या मशीनवरही विसंबू नका, एकाच टायरला दोन पंपांवर तीन-तीन पीएसआयचा फरक सहज दिसतो. स्वतःचा गेज घ्या आणि कायम तोच वापरा. तो एक पीएसआय चुकत असला तरी रोज सारखाच चुकेल, तुलनेला तेवढं पुरतं.

खरी चाचणी घेणारे काय करतात ते पाहा. एक संदर्भाचा टायर ठरवतात. तो सुरुवातीला पळवतात, मग दोन-तीन मॉडेलं झाली की पुन्हा तोच, शेवटी पुन्हा तोच. दिवसभरात रस्ता तापतो, पाण्याचा थर बदलतो. संदर्भाच्या टायरचा आकडा जितका सरकला तितकी बाकीच्यांची दुरुस्ती करतात. ओल्यातलं ब्रेकिंग ८० वरून २० पर्यंतच मोजतात, कारण अगदी शेवटच्या टप्प्यात एबीएसची धडधड आकडा बिघडवते. युरोपातल्या लेबलवरचा ओल्या पकडीचा वर्ग असाच, ठरवलेल्या संदर्भ टायरशी तुलना करून येतो. निर्देशांक १.५५ किंवा वर असेल तर ए, १.४० पासून बी, १.२५ पासून सी. निवडलेल्या मॉडेलचा आपल्या मापातला हा वर्ग शोधून काढा. जाहिरातीतल्या 'स्पोर्ट' या शब्दापेक्षा ते एक अक्षर जास्त सांगतं.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं उरलीत, आणि छापलेला विषय आत्ता सुरू होतोय! पटपट घेऊ.

तीन वर्ग धरा. पहिला टूरिंग, मिशेलिन प्रायमसीसारखा. मऊ साइडवॉल, कमी आवाज, जास्त आयुष्य. दुसरा रस्त्यावरचा स्पोर्टी, पायलट स्पोर्ट ४ किंवा ५, गुडइयर ईगल एफ १ असिमेट्रिक, कॉन्टिनेंटल स्पोर्टकॉन्टॅक्ट. बीडच्या, म्हणजे रिमला धरणाऱ्या कडेच्या, वरचा भाग कडक, ट्रेडच्या बाहेरच्या बाजूला मोठे जुळलेले ठोकळे, आतल्या बाजूला पाण्याच्या खोल वाटा, रबरात सिलिका. तिसरा ट्रॅककडे झुकलेला, पायलट स्पोर्ट कप २ किंवा ब्रिजस्टोन पोटेन्झा आरई-७१आरएस.

साइडवॉलवर ट्रेडवेअरचा आकडा असतो. पायलट स्पोर्ट ४ एसला ३००, आरई-७१आरएसला २००. हा आकडा कंपनी स्वतःच देते, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरमध्ये तुलना करा, दोन कंपन्यांमध्ये नको.

तिसरा वर्ग रोजच्या गाडीला नको, असं माझं स्पष्ट मत. तो तापल्यावर चिकटतो. सकाळी घरापासून ऑफिसपर्यंत सात किलोमीटर सिग्नलमध्ये तो तापतच नाही. त्याच्या खाचा कमी आणि उथळ असतात, मुळा-मुठेकाठच्या रस्त्यांवर पावसात पाणी साचलं की त्याची पंचाईत होते. कोइम्बतूरला किंवा चेन्नईला ट्रॅकवर जाणार असाल, तर त्याचा वेगळा रिमसेट ठेवा.

राहिले पहिला आणि दुसरा. घाट आवडतात, वर्षाला १० हजारांच्या आत चालवता, रस्ता बरा आहे, तर दुसरा घ्या आणि २५-३० हजार किलोमीटरचा हिशोब धरा. त्याची खरी देणगी कमाल पकड नव्हे. पकड संपत आल्याचं तो स्टिअरिंगमधून आधी सांगतो, एकदम सोडून देत नाही. वर्षाला २० हजार, निम्मे खड्ड्यांतून, तर पहिल्या वर्गातला ओल्या पकडीत ए असलेला टायर घ्या. बी असलेल्या स्पोर्टीपेक्षा पावसात तो तुम्हाला जास्त सांभाळेल.

माप. २०५/५५ आर १६ चा व्यास ६३२ मिलिमीटर, २२५/४५ आर १७ चा ६३४. स्पीडोमीटरला फरक नाही. पण साइडवॉल ११३ वरून १०१ वर येते, २२५/४० आर १८ ला ९० वर. एवढी कमी उंची खड्ड्यात रिमवर चिमटली जाते, आतले धागे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी फुगा दिसतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. लोड इंडेक्स ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, माप बदललं तरी त्याच्या खाली जाऊ नका. 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेर, बाण असेल तर फिरण्याच्या दिशेला. दोनच नवे घेतले तर ते मागे, गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असली तरीही. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते आणि सावरता येते. मागचे पावसात सुटले तर गाडी फिरते.

जर्मनीहून आलेल्या दोघांनी तिथल्या टायरबद्दल आधीच विचारलं होतं. तुमचा हिशोब वेगळा. ७ अंशांच्या खाली उन्हाळी स्पोर्टी टायर कडक पडतो, तिथे 'ऑक्टोबर ते ईस्टर' हिवाळी टायर. आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं एम प्लस एस (चिखल आणि बर्फाची जुनी खूण) चालत नाही, डोंगर आणि हिमकणाची खूण हवी. महाराष्ट्रात हिवाळी टायर कोणी स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नका, नागपूरच्या मे महिन्यात तो लोण्यासारखा झिजेल.

वेळ संपली. तुमच्या गाड्या पाच वाजल्यापासून खाली उभ्या आहेत, आता आठ वाजून गेलेत. म्हणजे टायर थंड आहेत. माझ्याकडे दोन गेज आहेत आणि एक खाचेची खोली मोजायची पट्टी. दाराच्या चौकटीवरचं स्टिकर मोबाइलच्या उजेडात वाचून ठेवा, मी पहिल्या रांगेपासून सुरू करतो.