स्टार्टरच्या पेटीपासून मोबाईलच्या पडद्यापर्यंत

(दृश्य : अमळनेर तालुका, रात्र. विहिरीजवळची पत्र्याची पेटी, म्हणजे मोटरचा स्टार्टर. एकापाठोपाठ तीन दिवे पेटतात.)

"लाईट उनी!"

रात्रपाळीचा थ्री फेज (मोटरला लागणारा तीन तारांचा वीजपुरवठा) आला की अमळनेर-पारोळ्याकडच्या शिवारात ही हाक ऐकू येते. पेटी उघडायची, हिरवं बटण दाबलं की मोटर चालू, लाल दाबलं की बंद. अर्धवट झोपेत, एका हातात बॅटरी धरून हे काम करावं लागतं आणि ते बिनचूक होतं. कारण लाल-हिरव्याचा अर्थ कुणाला शिकवावा लागत नाही, दोन बटणांत पुरेसं अंतर असतं आणि बटण आत गेल्याचं बोटाला कळतं. वापरणाऱ्याला न शिकवता समजेल अशी ही मांडणी कशी जमते आणि कुठं बिघडते, तेच इथं बघायचं आहे.

पण याच पेटीत एक फसवी गोष्टही आहे. लाल, पिवळा आणि निळा असे तीन फेजचे तीन दिवे. तिन्ही पेटले म्हणजे तिन्ही फेज आले, असं आपण धरून चालतो. मोटर फिरत असताना मधेच एक फेज गेला, तर फिरत्या मोटरमधून उलट येणाऱ्या व्होल्टेजवर त्या फेजचा दिवा मंद का होईना, पेटत राहू शकतो. दिवा म्हणतो सगळं ठीक आहे. तिकडे उरलेल्या दोन फेजवर भार चढतो, मोटर घुमते, वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) तापतं आणि जळतं.

म्हणून जाणता शेतकरी दिव्यापेक्षा ॲम्पिअर मीटरचा काटा बघतो. 5 एचपीची मोटर साधारण 7 ते 9 ॲम्पिअर घेते. मीटर बहुधा एकाच फेजवर बसवलेला असतो. तोच फेज गेला तर काटा शून्यावर येतो, दुसरा गेला तर नेहमीपेक्षा वर चढतो. विहिरीतलं पाणी तळाला गेलं, पंप हवा ओढू लागला, की मोटरवरचा भार कमी होतो आणि काटा खाली येतो. विहिरीत डोकावण्याची गरजच पडत नाही. काही जण मीटरच्या काचेवर रंगाची बारीक रेघ मारून ठेवतात : एवढ्यावर काटा असला म्हणजे सगळं बरोबर. ती रेघ कारखान्यातच मारून यायला हवी होती.

(दृश्य : रावेर. केळीची बाग, ठिबकचं फिल्टर युनिट.)

रावेर-यावलच्या केळीबागेत बॉल व्हॉल्व्हचा दांडा बघा. पाइपाच्या रेषेत असला तर चालू, आडवा असला तर बंद. बांधावर उभं राहून पाच-सहा व्हॉल्व्हांची अवस्था एका नजरेत समजते. त्याच्या शेजारी गोल चाकाचा गेट व्हॉल्व्ह असेल, तर जवळ जाऊन चाक फिरवून पाहिल्याशिवाय तो उघडा आहे की बंद, हे सांगता येत नाही. दोन्ही पाणीच अडवतात. पण रात्री घाईत चुकीचा प्लॉट भिजवला जातो तो दुसऱ्यामुळे. सँड फिल्टरच्या आधी आणि नंतर दोन प्रेशर गेज असतात. दोन्हींतला फरक नेहमीपेक्षा अर्ध्या किलो दाबानं वाढला की फिल्टर तुंबला, बॅकवॉश करायचा, म्हणजे उलट पाणी सोडून तो धुवायचा. आता हे दोन आकडे वाचून मनात वजाबाकी करायची, तीही धुळीनं माखलेल्या काचेतून. इथं एकच गेज फरक दाखवणारा असता आणि त्यावर लाल पट्टा असता, तर ठिबकच्या किती नळ्या चोक होण्यापासून वाचल्या असत्या!

वस्तू हातात आल्यापासून काम पुरं होईपर्यंत माणसाला काय दिसतं, काय समजतं आणि कुठं अडखळायला होतं, याचा विचार करून केलेल्या मांडणीला यूएक्स, म्हणजे युजर एक्सपिरियन्स डिझाईन म्हणतात. या विषयाचे अभ्यासक डॉन नॉर्मन 1993 मध्ये ॲपल कंपनीत गेले, तेव्हा त्यांच्या पदाच्या नावातच हे शब्द होते. काम मात्र त्याहून कितीतरी जुनं आहे.

सोय एकाची असते, भार सगळ्यांचा होतो, हेही या कामात धरावं लागतं. मोटरला ऑटो स्विच बसवला की लाईट आल्याबरोबर ती आपोआप सुरू होते, मालकाला झोपमोड नाही. पण एका डीपीवरच्या, म्हणजे शिवारातल्या एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्याच मोटरांना ऑटो असेल, तर लाईट येताच सगळ्या एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. व्होल्टेज कोसळतं, फ्यूज उडतात, डीपी जळते आणि ऐन हंगामात सगळ्यांचंच पाणी बंद पडतं. प्रत्येक ऑटोला वेगवेगळा उशीर लावला, कुणाची मोटर दोन मिनिटांनी, कुणाची पाच, तर हा फटका वाटला जातो. स्विच शेतात बसवतानाच हे ठरवायला हवं.

(दृश्य : मे महिना, दुपार. उन्हात हातानं पडदा झाकून मोबाईल पाहणारा माणूस.)

आता मोबाईलकडे येऊ. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 अंशांच्या पुढं जातो. फोन तापला की स्वतःला वाचवण्यासाठी तो पडद्याचा उजेड कमी करतो, म्हणजे ऊन सगळ्यांत कडक तेव्हाच पडदा सगळ्यांत मंद. पांढऱ्यावर फिक्या राखाडी अक्षरांचं डिझाईन एसीच्या खोलीत देखणं दिसतं, बांधावर मात्र ते कोरं होऊन जातं. वेबसाठीच्या जागतिक नियमावलीत साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान 4.5 : 1 इतका कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) सांगितला आहे. खान्देशच्या उन्हासाठी तो त्याहून वर, 7 : 1 च्या आसपास ठेवावा.

बटणाचा आकारही असाच. ॲन्ड्रॉइडच्या मार्गदर्शक सूचनांत बोट लागायची जागा 48 डीपी (हे पडद्यावरचं माप, ट्रान्सफॉर्मर नव्हे), म्हणजे सुमारे 9 मिलिमीटर असावी असं म्हटलं आहे. कापूस वेचणाऱ्या, फवारणी करणाऱ्या हाताला तेवढं लागतंच. पडद्यावर घामाचा थेंब पडला की टच भलतीकडेच लागतो. म्हणून ‘जतन करा’ आणि ‘काढून टाका’ ही दोन बटणं कधीही शेजारी-शेजारी ठेवू नयेत.

मराठी अक्षरांचा प्रश्न तर रोज दिसतो आणि रोज दुर्लक्षित राहतो. इंग्रजीसाठी बेतलेल्या चौकटीत मराठी मजकूर ओतला, की वरचा रफार आणि खालचा उकार कापला जातो. ‘पूर्ण’ हा शब्द बटणावर ‘पण’ असा दिसू लागतो. उपाय सोपा आहे : ओळीची उंची अक्षराच्या दीडपट किंवा थोडी जास्त ठेवायची, बटणाची उंची बांधून टाकायची नाही आणि मजकूर लांबला तर दुसऱ्या ओळीवर जाऊ द्यायचा.

(दृश्य : कपाशीच्या शेतात उभं राहून फोटो काढणारी मुलगी.)

या सगळ्याची कसोटी लागते ती ई-पीक पाहणीला. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर शेतकऱ्यानं आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाईलवरून करायची, अशी ही व्यवस्था. कल्पना चांगली : बांधावरची गोष्ट बांधावरूनच सातबाऱ्यावर जाते. वाट साधारण अशी : मोबाईल नंबर, ओटीपी, मग विभाग नाशिक, जिल्हा, तालुका, गाव. नावावरून किंवा गट नंबरवरून खातेदार शोधायचा. गट निवडायचा, हंगाम, पीक, सिंचनाचं साधन, लागवडीची तारीख. शेवटी शेतात उभं राहून फोटो.

अडतं कुठं? पहिल्यांदा ओटीपीवर. घरात खातं आजोबांच्या नावावर, नोंदवलेला नंबर मुलाचा आणि मुलगा कामाला सुरतेत. ओटीपी सुरतेत वाजतो, फोन करून आकडे विचारेपर्यंत मुदत संपते. ही अडचण आजोबांच्या अडाणीपणाची नाही. एका माणसाकडे एक फोन आणि तो सदैव त्याच्याच खिशात, असं गृहीत धरून केलेल्या मांडणीची आहे. मुदत वाढवली आणि मुदत संपल्यावर आधी भरलेला तपशील पुसला नाही, तरी निम्मा त्रास वाचतो.

दुसरी अडचण जागेची. उघड्या आभाळाखाली फोनचा जीपीएस पाच-दहा मीटर इकडेतिकडे दाखवतो, दाट केळीत त्याहून जास्त. गट अरुंद असेल तर माणूस स्वतःच्या शेतात उभा आणि फोनच्या हिशेबानं शेजाऱ्याच्या. जुन्या फोनला उपग्रह सापडायला मिनिटभर लागतं, त्याआधीच फोटो काढला की जागा चुकते. म्हणून लोकेशन सुरू करून पिकातल्या मोकळ्या जागी, शक्यतो गटाच्या मध्याकडे, एक मिनिट थांबावं आणि मगच फोटो काढावा. हे वाक्य कॅमेऱ्याच्या बटणाच्या वरच लिहिलेलं हवं.

तिसरी अडचण नेटवर्कची. धडगाव, अक्कलकुवा, चोपड्याचा सातपुडा, तिथं रेंज टेकडीवर चढून शोधावी लागते. अशा ठिकाणी कुठल्याही ॲपवर ‘त्रुटी आली, पुन्हा प्रयत्न करा’ असं येणं निरुपयोगी असतं. माणूस पुन्हा पुन्हा तेच बटण दाबत बसतो. तिथं असं यायला हवं : ‘नेटवर्क नाही. तुमची नोंद या फोनमध्ये जपून ठेवली आहे. नेटवर्क आल्यावर आपोआप जाईल.’ काय झालं, काय वाचलं आणि आता काय करायचं, तिन्ही त्यात आलं.

याच व्यवस्थेत एक गोष्ट मनापासून दाद देण्यासारखी झाली : नंतरच्या आवृत्तीत शेतकऱ्याला आपली नोंद 48 तासांच्या आत स्वतः एकदा दुरुस्त करायची सोय मिळाली. ज्वारीऐवजी मका निवडला गेला, तर लगेच तलाठ्याकडे खेटे घालायला नकोत.

(दृश्य : मतदान यंत्राचं बॅलट युनिट, निळं बटण, लाल दिवा.)

लिहिता-वाचता न येणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून केलेलं डिझाईन बघायचं असेल, तर मतदान यंत्र बघा. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी होती आणि पेटीवर चिन्ह. आजच्या यंत्राच्या रचनेत आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाईन सेंटरचे प्राध्यापक ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांचा हात आहे. उमेदवाराचं नाव, चिन्ह आणि त्याचं निळं बटण एकाच आडव्या ओळीत. बटण दाबलं की शेजारचा लाल दिवा लागतो, व्हीव्हीपॅटच्या काचेआड 7 सेकंद चिठ्ठी दिसते आणि बीप वाजतो. डोळा आणि कान दोघांनाही पावती मिळते. अधिकाऱ्यानं कंट्रोल युनिटवरून पुन्हा परवानगी दिल्याशिवाय दुसरं मत पडतच नाही, त्यामुळे घाबरून दोनदा दाबलं तरी बिघडत नाही.

पैशाच्या बाबतीत धुळ्याच्या भाजी बाजारातला साउंड बॉक्स हेच काम करतो. विक्रेत्याचे हात भाजीत, नजर तराजूवर, रक्कम कानावर पडते. गिऱ्हाईकानं दाखवलेल्या खोट्या स्क्रीनशॉटवर विसंबायची वेळ येत नाही. उलट बाजूचं उदाहरण यूपीआयच्या ‘पैसे मागा’ या सोयीचं. ठग मागणी पाठवायचा, ‘पिन टाका, पैसे जमा होतील’ म्हणून फोनवर घाई करायचा आणि पडद्यावर देणं-घेणं इतकं सारखं दिसायचं की माणूस पिन टाकून मोकळा. पिन लागतो तो पैसे देताना, घेताना कधीच नाही. व्यक्ती-व्यक्तींमधल्या अशा मागण्या 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद झाल्या, कारण लोकांना सावध करून पुरत नव्हतं, मांडणीच बदलावी लागली.

फसवायलाच केलेली मांडणीही असते. न मागितलेली वस्तू टोपलीत आपोआप घालणं, शेवटच्या पानावर जादा आकार दाखवणं, वर्गणी बंद करायचं बटण लपवणं. अशा 13 प्रकारांवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 30 नोव्हेंबर 2023 रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढली. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन 1915.

(दृश्य : सावदा. केळीचं पॅकहाउस. एकाच्या हातात फोन, दुसरा गप्प उभा.)

तुम्ही स्वतः ॲप बनवत असाल, तर चाचणीला मोठा खर्च लागत नाही. यूएक्सचे अभ्यासक जेकब निल्सन यांचा सल्ला आजही कामाचा आहे : पाच माणसं घ्या. सावद्याच्या पॅकहाउसमधले घ्या, आपल्या ऑफिसातले नकोत. काम द्या, पायऱ्या सांगू नका : ‘काल पाठवलेल्या केळीचं पेमेंट आलं का, बघा.’ मग गप्प राहा. बोट कुठं थांबलं, कुठं मागं गेले, कुठं तुमच्याकडे पाहिलं, एवढंच टिपा. फोन तुमचा नको, त्यांचाच असू द्या : तडा गेलेल्या काचेचा, फोटोंनी मेमरी भरलेला, मोठी अक्षरं लावलेला. चाचणी दुपारी दोनला, सावलीबाहेर करा. जिथं तिघं अडकले, ते आधी दुरुस्त करा. दुसऱ्या फेरीला मात्र नवे पाच जण बोलवा, पहिल्यांना वाट पाठ झालेली असते.