लिंबाच्या बुंध्याला पाणी नको

नमस्कार श्रोतेहो. पाऊस पंधरा-वीस दिवसांवर आलाय. यंदा परसात लिंबू लावायचं मनात असेल, तर खड्डा आत्ताच घ्या. दोन-दोन फूट लांब, रुंद, खोल. आणि उन्हात तापू द्या.

माझं पहिलं झाड मीच घालवलं. न्हाणीचं पाणी वाया जायला नको, म्हणून पन्हळ थेट त्याच्या मुळाशी सोडली होती. चार वर्षं झाड जोमात होतं. मग बुंध्यावर मधासारखे डिंकाचे थेंब दिसले, साल सुटली आणि पुढच्या उन्हाळ्यात ते वाळलं. याला डिंक्या म्हणतात. जमिनीतली बुरशी ओल्या सालीतून आत शिरते. लिंबू पाण्यावाचून मरतं त्याहून पाण्यात बसून जास्त मरतं, हे मला तेव्हा कळलं.

म्हणून आता आळं दुहेरी करते. खोडालगत मातीची भर, उतार बाहेरच्या बाजूला. पाणी द्यायचं ते दुसऱ्या कड्यात, फांद्यांची सावली जिथं संपते तिथं. अन्न-पाणी ओढणारी बारीक मुळं तिकडंच असतात. काळ्या चिकण मातीत तर झाड थोडं उंचवट्यावरच लावा. आणि पावसाआधी खोडाला कमरेपर्यंत बोर्डो मलम लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. एका झाडाला याचा दहावा हिस्साही पुरून उरतो. लोखंडी किंवा पत्र्याच्या भांड्यात मात्र कालवू नका, प्लॅस्टिकची बादली घ्या.

रोप कुठलं? आपलं कागदी लिंबू बियांपासूनही बहुतेक आईसारखंच निपजतं, एका बीतून दोन-तीन रोपंसुद्धा उगवतात. फळाला मात्र चार-पाच वर्षं थांबावं लागतं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची 'साई शरबती' मिळाली तर जरूर घ्या.

कोवळ्या पालवीवर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं, तर ती फुलपाखराची अळी. मोठी झाली की हिरवी होते आणि डिवचलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढते, उग्र वास सोडते. लहान झाडावरच्या अळ्या मी हातानं वेचते. मोठ्या झाडावर एखादी राहू देते. फुलपाखरू फार देखणं असतं. पानावर चंदेरी नागमोडी रेघ ओढणारी नागअळी मात्र सोडू नका, कारण तिच्या जखमांतून खैऱ्या रोग शिरतो. खैऱ्याचे खडबडीत डाग फळाच्या सालीवर असतात. रस चांगला असतो, लिंबू टाकू नका.

बुंध्यातून सरळ उभे, काटेरी पाणसोट फुटतात, ते कोवळे असतानाच काढा.

बऱ्याच बायका विचारतात, भर उन्हाळ्यात लिंबं का नसतात? बहुतेक फुलोरा जानेवारी-फेब्रुवारीत येतो, म्हणून फळं पावसाळ्यात पिकतात. एप्रिलमध्ये लिंबू हवं तर हस्त बहार, म्हणजे हस्त नक्षत्राच्या सुमारास येणारा फुलोरा, धरावा लागतो. त्यासाठी सप्टेंबरात झाडाला ताण द्यायचा, पाणी तोडायचं, आणि पानं थोडी मलूल झाली की शेणखत घालून पुन्हा पाणी सुरू करायचं. त्या दिवसांत पाऊस लागून राहिला तर ताण बसत नाही. माझ्या झाडाला गेली दोन वर्षं बसला नाही. यंदा आळ्याभोवती चर खणून ठेवलाय, पाणी निघून जावं म्हणून. बघू, हस्ताचा पाऊस काय करतो.