बटण लावता येतं का?

[दृश्य: सिडकोतली गल्ली, पहाट. एका घराचं दार, आतल्या बाजूने.]

सकाळचे साडेपाच. नाशिकच्या सिडकोत, पवननगरच्या एका गल्लीत दुधवाला येऊन गेलाय. या घराच्या दाराला आतून तीन गोष्टी आहेत. खाली जुनी कडी. वर, मोठ्या माणसाचाच हात पोचेल अशा उंचीवर, नवी कडी. आणि मधे बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ. ती आईच्या माहेरची, निफाडकडची. बैल विकले, ट्रॅक्टर आला, माळ खुंटीला राहिली. दीड वर्षापूर्वी ती इथे आली.

दीड वर्षापूर्वी लेकीला कडी उघडता यायला लागली.

लेक दहा वर्षांची आहे. तिला बौद्धिक अक्षमता आहे. कडी उघडली त्या दिवशी आईने शाळेतल्या बाईंना फोन करून सांगितलं होतं, इतका आनंद. त्याच आठवड्यात एका दुपारी ही एकटीच चालत त्रिमूर्ती चौकात. एका ओळखीच्या रिक्षावाल्याने आणून सोडलं. त्या दिवसापासून आईने दुपारी डोळा मिटलेला नाही, आणि शिलाई मशीनवर चादर पडली ती पडलीच.

[दृश्य: प्लॅस्टिकची फाईल. आईची बोटं एकेक कागद काढतात.]

फाईल जाडजूड आहे. सगळ्यात वर निळं युडीआयडी कार्ड, ज्याला सरकार स्वावलंबन कार्ड म्हणतं आणि गल्लीत सगळे हँडिकॅपचं कार्ड म्हणतात. अक्षमता ४० टक्क्यांखाली असेल तर पांढरं, ४० पासून ८० च्या आत पिवळं, ८० पासून निळं. पाचव्या वर्षी काढलेल्या दाखल्यावर ९० टक्के लिहिलंय. खाली एक तारीख आहे, आणि ती उलटून गेलीय.

ही तारीख चुकून पडलेली नाही. २०१८ सालच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत बौद्धिक अक्षमतेचा दाखला पाचव्या, दहाव्या आणि अठराव्या वर्षी नवा करायला सांगितला होता. अठराव्या वर्षीचा मात्र कायमचा. मूल वाढतं, तर कागदानेही वाढावं, असा विचार. विचार चांगलाच आहे. फक्त कागद कशाकशाची वाढ मोजतो, ते बघायला हवं.

[दृश्य: सरकारी रुग्णालयाची ओसरी. बाकांवर आया, मुलं, डबे.]

आईला, म्हणजे ताईंना, बसमध्येच सल्ला मिळाला होता. शेजारची बाई म्हणाली, "जे विचारतील त्याला नाही म्हण. टक्के वाढतात." या बाकांवर हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. तो देणाऱ्याला मी दोष देणार नाही.

आत मानसशास्त्रज्ञ बाईंसमोर एक छापील प्रश्नावली आहे. व्हीएसएमएस, म्हणजे मूल रोजच्या जगण्यात स्वतःचं काय-काय करतं ते मोजणारी मोजपट्टी. मूळची अमेरिकेतली, भारतासाठीचं रूप डॉ. मालिन यांनी नागपुरात तयार केलं. ८९ बाबी. हात पुसते का? कात्री चालवते का? साधा धोका ओळखून लांब राहते का? प्रश्न मुलीबद्दलचे, उत्तरं आईची.

आणि मग: "बटण लावता येतं का?"

आता हे बटण म्हणजे काय, ते समजून घ्या. सहा महिने. रोज संध्याकाळी, बापाच्या जुन्या शर्टावर, कारण त्याची काजं मोठी. आधी आईची बोटं लेकीच्या बोटांवर, मग नुसतं मनगट धरून, मग फक्त शेजारी बसून. एक दिवस बटण आरपार आलं आणि लेक ते बघतच बसली.

ताईंच्या कानात बसमधला सल्ला होता. तोंडातून आलं, "हो! येतं की तिला!"

[दृश्य: कागदावर पेनाने मांडलेला भागाकार.]

हिशोब साधा आहे. उत्तरांवरून मुलाचं सामाजिक वय काढायचं, त्याला खऱ्या वयाने भागायचं, शंभराने गुणायचं. पाचव्या वर्षी लेकीचं सामाजिक वय होतं एक वर्ष सात महिने. भागाकार साधारण ३२. त्या वेळच्या तक्त्यात २१ ते ३५ म्हणजे ९० टक्के अक्षमता. दहाव्या वर्षी सामाजिक वय चार. भागाकार ४०, आणि ३६ ते ५४ म्हणजे ७५ टक्के.

पाच वर्षांत लेक दोन वर्षं पाच महिन्यांनी मोठी झाली. टक्के पंधराने कमी झाले. निळं कार्ड आता पिवळं होणार.

"टक्के गेले," ताई घरी येऊन सासूबाईंना म्हणाल्या. पण खरंच काय गेलं? बहुतेक सवलतींची रेष ४० वर आहे. एसटीच्या तिकिटातली ७५ टक्के सूट ७५ टक्क्यांनाही मिळते. राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना, वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्य विम्याचं कवच, तीही ९० टक्केच हवेत असं म्हणत नाही. ८० ची रेष बोचते ती आयकरात: घरातल्या दिव्यांगासाठी मिळणारी वजावट सव्वा लाखावरून ७५ हजारांवर येते, तीही जुनी करप्रणाली घेणाऱ्यांना. तिचे पप्पा अंबडच्या कंपनीत शिफ्टला जातात. त्यांचा पगार करापर्यंत पोचतच नाही.

आणि संजय गांधी निराधार योजना? तिथे दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार. म्हणजे महिन्याला ४,१६६ रुपये. कर भरण्याइतका पगार नाही, आणि निराधार ठरण्याइतका कमीही नाही. अंबड-सातपूरच्या पट्ट्यात अशी किती घरं असतील!

तेव्हा टक्क्यांपेक्षा तारखेची काळजी करा, असं मी ताईंना म्हणालो. मुदत संपलेला दाखला नव्वदचा असला तरी खिडकीवर चालत नाही. आणि ठरवलेले टक्के पटलेच नाहीत, तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ५९ खाली अपील करता येतं.

ताईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ते ठीकेय. पण मला काय करावं लागतं, ते त्यांनी विचारलंच नाही."

[दृश्य: न्हाणीघर. ओली फरशी, एक स्टूल.]

पाचव्या वर्षी लेक कडेवर बसून अंघोळीला यायची. आता तिचं वजन ३४ किलो आहे आणि डोक्यावर पाणी आलं की ती ढकलते. मागच्या पावसाळ्यात ताईंचा पाय सरकला, मनगट महिनाभर प्लास्टरमध्ये. शाळेतल्या बाईंनी आता हळूच सांगितलंय, वर्षा-दोन वर्षांत पाळी सुरू होईल. त्याची तयारी आतापासून करायची, बाहुलीवर दाखवून. ही सगळी नवी कामं. भागाकारात ती कुठे लिहायची?

ब्रिटनमध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांच्या दिव्यांग भत्त्यात देखभालीचा वेगळा भाग असतो, आणि रात्री उठावं लागतं का हेही अर्जात विचारतात. तुलना त्याच वयाच्या इतर मुलांशी. आपल्या २०१६ च्या कायद्यातही शब्द नाहीत असं नाही. कलम २४ मध्ये जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहकाचा भत्ता लिहिलाय, कलम ३८ मध्ये अशा आधारासाठी अर्ज कसा करायचा तेही. या फाईलमध्ये त्या नावाचा एकही कागद नाही.

नाशिकला हे सगळं नवं नाही. १९७७ मध्ये रजनीताई लिमये यांनी इथे अशा मुलांसाठी प्रबोधिनी ही शाळा सुरू केली, तीही स्वतःच्या मुलापासूनच.

[दृश्य: भिंतीवरचं कालनिर्णय, दोरीला बांधलेलं पेन.]

दुधाच्या हिशोबाच्या वर, तारखांच्या चौकटींत बारीक उभ्या रेघा आहेत. घुंगरं वाजून उठावं लागलं की एक रेघ. पुढच्या वेळी दाखला देणाऱ्या मेडिकल बोर्डासमोर हेच कॅलेंडर न्यायचं, असं ताईंनी ठरवलंय. ते कुणी बघेल का? ताई खांदे उडवतात आणि कालच्या चौकटीत दोन रेघा मारतात.

लेक गणवेश घालते. बटणं तिचीच ती लावते, एक घर चुकवून, त्यामुळे कॉलर एका बाजूला वर आलीय. बाहेर शाळेच्या रिक्षाचा हॉर्न. ती धावत जाऊन खालची कडी काढते, घुंगरं वाजतात. मग चवड्यांवर उभी राहून वरच्या कडीकडे हात नेते.

चार बोटं कमी पडतात.